मानेवाडा-सक्करदरा भागात कारचा भरवशाचा मिस्त्री सांगा, हेड गॅस्केट गेलं म्हणून २६,५०० सांगितले आहेत

कळमेश्वर अप-डाउन

नमस्कार मंडळी,

मी नागपुरात मानेवाड्याला राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, शाळा कळमेश्वरच्या पुढे एका खेड्यात. रोजचं अप-डाउन सत्तर किलोमीटरच्या आसपास. बसच्या वेळा शाळेशी जमत नाहीत, म्हणून २०१९ मध्ये ओळखीच्या काकांकडून त्यांची २०१२ ची सॅन्ट्रो झिंग घेतली. पेट्रोल आहे, आता १ लाख ३८ हजार किलोमीटर झाले.

गाडीबरोबर काकांनी त्यांचा मिस्त्रीही दिला होता. टिनाच्या शेडमध्ये बसायचा, हाताखाली एक पोरगा. सहा वर्षं मी चाबी त्याच्या हातात देऊन निर्धास्त घरी यायची. गेल्या दिवाळीनंतर तो शेड विकून भंडाऱ्याकडे आपल्या गावी गेला. तेव्हापासून माझी तीन गॅरेजं झाली आणि तिन्ही वेळा मन खट्टू करूनच परत आले.

आताचं सांगते. एप्रिलमध्ये सकाळची शाळा होती. दुपारी बाराच्या सुमारास परत येताना व्हेरायटी चौकाच्या सिग्नलला थांबले तर टेम्परेचरचा काटा अर्ध्याच्या वर गेलेला. बाहेर ४४ डिग्री ऊन, एसी चालू. घाबरून एसी बंद केली, काचा उघडल्या, पंचशील चौकाकडे गाडी थोडी पळाली तर काटा खाली आला. मग रोज तेच. काटोल रोडवर साठ-सत्तरच्या स्पीडनं जाताना काटा जागचा हलत नाही. शहरात शिरलं, दोन-तीन सिग्नल लागले की चढतो.

घराजवळच्या एका मोठ्या गॅरेजमध्ये दाखवली. दोन दिवस ठेवून घेतली आणि म्हणाले हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं, म्हणजे हेडखालचं पॅकिंग) गेलं, हेड उतरवून फेसिंग करावं लागेल, म्हणजे घासून सपाट करावं लागेल, २६,५०० लागतील. कशावरून म्हणता, असं विचारलं तर तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, तुम्हाला सांगून समजणार नाही." मला फार लागलं ते. मी चौथीच्या पोरांना भागाकार शिकवते. नीट सांगितलं तर माणसाला समजतं, हे मी रोज पाहते.

याच गॅरेजनं फेब्रुवारीत पुढचे दोन्ही शॉकअप बदलले होते. जुने मागितले तर "भंगारात गेले" म्हणाले. म्हणून आता २६ हजारांचं काम त्यांच्याकडे टाकायची हिंमत होत नाही. पैसा लागला तर लावीन, पण खरंच लागतो आहे हे मला दिसलं पाहिजे. पुढच्या वर्षी गाडीला १५ वर्षं होतील, आरटीओत पुन्हा नोंदणी करावी लागेल, तेव्हा एवढा खर्च करावा की नाही हाही प्रश्न आहेच.

स्वस्तातला मिस्त्री मला नको. उघडण्याआधी जो दाखवेल, असा कोणी माहीत असेल तर सांगा. शाळा सुरू व्हायच्या आत काम करायचं आहे.

हिंगणा वर्कशॉप

ताई, मी एसटीच्या हिंगणा रोडवरच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त झालेला माणूस आहे. आमचं काम डिझेल बसचं, पण इंजिन गरम का होतं याचं शास्त्र सॅन्ट्रोचं आणि बसचं वेगळं नाही. तुम्ही जे लिहिलं त्यात अर्धं उत्तर तुम्हीच देऊन टाकलं आहे.

गाडी पळते तेव्हा समोरून येणारा वारा रेडिएटर गार करतो. उभी असते तेव्हा वारा नाही, म्हणून पंखा लागतो. रस्त्यावर काटा जागेवर आणि सिग्नलला वर, याचा अर्थ वारा मिळाला की तुमचं रेडिएटर काम करून राहिलं आहे. पहिला संशय पंख्यावर घ्यायचा. पंख्याची मोटार, रिले, फ्यूज, टेम्परेचर सेन्सर, वायरिंग. हे सगळं पाहायला अर्धा तास लागतो आणि एक बोल्ट खोलावा लागत नाही. हेड उतरवायची गोष्ट सगळ्यात शेवटी येते.

गॅस्केट खरंच गेलं असेल तर त्याच्या खुणा तुम्हाला घरीच पाहता येतात. सकाळी गाडी पूर्ण थंड असताना ऑइल टाकायचं झाकण उघडा आणि उलटं करून बघा. आत दुधाच्या चहासारखा, लोण्यासारखा चिकट थर दिसला तर पाणी ऑइलमध्ये जाऊन राहिलं आहे. (थंडीत जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीला वाफेमुळे थोडासा पांढरा थर येतो, पण मे महिन्यात, रोज सत्तर किलोमीटर चालणाऱ्या गाडीला तो यायला नको.) ऑइल मोजायची दांडी काढून तिच्यावरचं ऑइलही बघा. मग रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू करा, आतल्या पाण्यात सारखे बुडबुडे येतात का ते बघा. हे फक्त थंड गाडीवर. गरम गाडीचं झाकण कोणी कितीही घाईत असलं तरी उघडायचं नाही, आतलं पाणी दाबाखाली शंभर डिग्रीच्या वर असतं आणि झाकण सैल होताच अंगावर उडतं. हात-तोंड भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. तिसरी खूण, सायलेन्सरमधून पांढरा धूर, गाडी तापल्यावरही न थांबणारा.

यातलं काही नसेल तर आधी पंखा तपासल्याशिवाय गॅस्केटचं नावही काढू देऊ नका. पण एक हात जोडून सांगतो, काटा वर गेलेला असताना "घर जवळच आहे" म्हणून चालवू नका. हेड अॅल्युमिनियमचं असतं, जास्त तापलं की वाकतं, आणि मग जे गॅस्केट आज चांगलं आहे ते उद्या खरंच जाईल. अशा वेळी एसी बंद, हीटर फुल, आणि सुरक्षित जागा पाहून बाजूला. उन्हाळ्यात हीटर लावायला जिवावर येतं, पण तोही एक छोटा रेडिएटरच आहे, इंजिनची थोडी उष्णता बाहेर काढतो.

टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनचे आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा, शेवटी केव्हा बदलला ते कळवा. सॅन्ट्रोला बेल्ट आहे, चेन नाही.

कळमेश्वर अप-डाउन

काका, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. बेल्ट आधीच्या मिस्त्रीनं ८० हजारांवर बदलला होता, त्याच्या हातची तारीख डॅशबोर्डमधल्या पुस्तकात आहे. उद्या सकाळी झाकण पाहते.

सोमलवाडा

एवढा विचार कशाला, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या. पक्कं बिल मिळतं, पार्ट ओरिजनल असतो, जबाबदारी त्यांची.

कळमेश्वर अप-डाउन

तेही करून पाहिलं दादा. सर्व्हिस चांगली झाली, तक्रार नाही. पण तिथं गाडी काचेपलीकडे जाते आणि जो माणूस माझ्याशी बोलतो त्यानं बोनेट उघडलेलं नसतं. जो हात लावतो त्याच्याशी मला बोलता येत नाही. नव्या, वॉरंटीतल्या गाडीला तेच बरं. चौदा वर्षांच्या गाडीला बाई-माणसाला ओळखणारा मिस्त्री लागतो.

डागा लेआउट

ताई, माझा अनुभव वेगळ्या कारणाचा आहे, पण माणूस ओळखायला कामी येईल म्हणून लिहितो.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा आमच्या लेआउटमध्ये पाणी शिरलं. माझी गाडी पार्किंगमध्ये सीटपर्यंत पाण्यात. पाणी उतरल्यावर घाईघाईत एका गॅरेजवाल्याला बोलावलं. त्यानं आल्याआल्या काय केलं, तर चाबी फिरवली. इंजिननं एक ठोका दिला आणि जाम झालं. पाणी दाबलं जात नाही, सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. माझा एक वाकला. पूर आपल्या साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह विम्यात बसतो, पण पाण्यातली गाडी चालू केल्यानं झालेलं इंजिनचं नुकसान इंजिन प्रोटेक्ट हे वेगळं जादा कव्हर घेतलेलं नसेल तर विमा कंपन्या सहसा मान्य करत नाहीत. माझ्याकडे ते नव्हतं. ती एक चाबी मला फार महाग पडली.

त्याच गल्लीत शेजाऱ्याची गाडी तेवढीच बुडाली होती. त्यांच्या मिस्त्रीनं चाबीला हातच लावला नाही. बॅटरीची वायर काढली, स्पार्क प्लग काढले, इंजिन पान्यानं हातानं फिरवून पाणी बाहेर काढलं, ऑइल-फिल्टर बदललं. सीटा आणि खालचं कार्पेट काढून गच्चीवर आठ दिवस उन्हात टाकलं. रोज संध्याकाळी फोटो पाठवायचा, आज एवढं झालं म्हणून. ती गाडी अजून चालून राहिली आहे.

तेव्हापासून मी गॅरेजमध्ये गेलो की आधी हात बघतो. गाडी आल्याबरोबर हत्यार उचलतो की प्रश्न विचारतो. कधीपासून होतं, थंड असताना होतं की गरम, एसी चालू असताना की बंद, हे ज्यानं विचारलं नाही त्याच्याकडून मी गाडी परत आणतो.

घाट रोड काउंटर

मी घाट रोडवर पार्टच्या दुकानात बसतो, दिवसाला पन्नास मिस्त्री पाहतो. मिस्त्रीचं नाव इथं टाकणार नाही, सगळेच आमचे गिऱ्हाईक. पण काही गोष्टी सांगतो.

पार्ट आणायच्या आधी मिस्त्रीला विचारा, ओरिजनल टाकणार की लोकल. लोकल म्हणजे वाईटच असं नाही, पंख्याची मोटार, ब्रेक पॅड यांत चांगल्या कंपन्यांचा बाहेरचा माल येतो आणि तो कमी भावात मिळतो. वाईट ते, जेव्हा लोकल टाकून ओरिजनलचे पैसे घेतात. म्हणून डबा मागा. डब्यावर पार्ट नंबर आणि एमआरपी छापलेली असते. डबा नाही, जुना पार्ट नाही, बिल नाही, तर काम झालं की नाही हे फक्त देवाला माहीत.

दुसरं, २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सगळ्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. आधी बऱ्याच पार्टवर २८ होता. अजून २८ धरून हिशेब सांगणारा भेटला तर पक्कं बिल मागायचं.

आणि "हा पार्ट फक्त कंपनीतच मिळतो" हे ऐकून लगेच मान हलवू नका. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेर मोकळी मिळू देत नाहीत म्हणून स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड लावला होता. सॅन्ट्रोसारख्या गाडीचं तर नट-बोल्टापासून सगळं आमच्या रोडवर मिळतं.

मिस्त्री शोधायचा तर तुमच्या भागातल्या स्कूल व्हॅनवाल्यांना विचारा. त्यांची गाडी एक दिवस उभी राहिली तर पोटावर येतं, ते चुकीच्या माणसाकडे दुसऱ्यांदा जात नाहीत.

कळमेश्वर अप-डाउन

उशिरा लिहून राहिले, माफ करा. झालं ते सगळं सांगते, कारण तुमच्यामुळेच झालं.

सकाळी साडेपाचला मी आणि माझी मुलगी खाली गेलो. ऑइलचं झाकण उलटं केलं. आत काळसर, गुळगुळीत, बोटाला साधं ऑइल लागलं. थर वगैरे काही नाही. रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू केली, मुलगी मोबाइलची टॉर्च धरून उभी. दहा मिनिटं पाहिलं, एक बुडबुडा नाही. धूर नाही. हिंगणा वर्कशॉपचे काका, त्या वेळी मला इतकं हलकं वाटलं की तिथल्या तिथं तुम्हाला नमस्कार केला. पण आतलं पाणी पाहून मुलगी म्हणाली, "आई, हे तर चहासारखं आहे." हिरवा कूलंट कुठं, गंजाचं तांबडं पाणी. मागच्या गॅरेजनं कूलंट टाकल्याचे पैसे घेतले होते, टाकलं बहुतेक बोअरचं पाणी.

मग घाट रोडच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे आमच्या गल्लीत येणाऱ्या स्कूल व्हॅनवाल्या भाऊंना विचारलं. ते क्षणभरही थांबले नाहीत, म्हणाले, "चाचाकडे जा." उमरेड रोडला, मोठ्या ताजबागच्या अलीकडे एक गल्ली आहे, तिथं बोर्ड नसलेलं गॅरेज. साठीचे चाचा, पांढरी दाढी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मी गेल्या गेल्या सांगायला लागले, गॅस्केट गेलं म्हणतात. ते म्हणाले, "बेटा, पहले देखने तो दो."

डागा लेआउटचे दादा, त्यांनी हत्यार उचललं नाही. विचारलं, कधीपासून, कुठं, एसी चालू असते का. मग गाडी चालू करून एसी लावायला सांगितली आणि मला बोनेटजवळ बोलावलं. पुढे दोन पंखे आहेत हे मला तोवर माहीतच नव्हतं. एसीचा फिरत होता, रेडिएटरचा ठप्प. काटा चढेपर्यंत आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो. काटा अर्ध्याच्या वर गेला तरी तो पंखा हलेना. टेस्ट लॅम्प लावून त्यांनी दाखवलं की मोटारीपर्यंत करंट येतो आहे, म्हणजे फ्यूज आणि रिले ठीक. मग पेचकसाची लाकडी मूठ मोटारीच्या पाठीवर हळूच दोनदा आपटली. पंखा दचकल्यासारखा फिरला, पाच-सहा सेकंद, आणि पुन्हा बंद.

मोटार उतरवून माझ्यासमोर उघडली. आतला कार्बन, म्हणजे मोटारीला करंट पोचवणारा छोटा ठोकळा, तळहातावर ठेवून दाखवला. नवा कार्बन बोटाच्या पेराएवढा असतो, हा तुरीच्या डाळीएवढा उरलेला. टेकतच नव्हता म्हणून करंट मिळत नव्हता, ठोकलं की क्षणभर टेकायचा. मला समजलं. माझ्या मुलीला समजलं. दहा मिनिटं लागली समजवायला.

मोटारीच्या कनेक्टरचं प्लास्टिक तापून वितळलेलं होतं. चाचा म्हणाले हे माझं काम नाही, आणि समोरच्या ऑटो इलेक्ट्रिशियनला हाक मारली. एवढ्या एका वाक्यानं माझा त्यांच्यावर विश्वास बसला. तोवर भेटलेल्या एकानंही "हे मला येत नाही" असं म्हटलं नव्हतं.

मोटार १,९००, डबा माझ्या हातात दिला. रेडिएटर साफ करून कूलंट ६०० चं, डिस्टिल्ड पाण्यात अर्धं-अर्धं मिसळून, माझ्यासमोर ओतलं. मजुरी इलेक्ट्रिशियनसकट ७००. एकूण ३,२००. त्यानंतर दुपारी तीनच्या उन्हात पाऊण तास गाडी एसी लावून उभी ठेवली. पंखा लागायचा, बंद व्हायचा, पुन्हा लागायचा, काटा हलला नाही. पैसे त्याच्या नंतर घेतले.

मी विचारलं, शॉकअपही एकदा बघता का. चाक काढून पाहिलं. उजवा नवा, डावा जुनाच, ऑइलनं माखलेला. फेब्रुवारीत मी जोडीचे ५,८०० दिले होते. चाचा त्या गॅरेजबद्दल एक शब्द बोलले नाहीत, फक्त चाक तसंच काढून ठेवलं, मला नीट दिसावं म्हणून. मी फोटो घेऊन तिथं गेले. ते म्हणाले आम्ही दोन्ही बदलले होते. माझ्याकडे काय, तर वहीच्या कागदावरची चिठ्ठी, तिच्यावर गाडीचा नंबरही नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी सगळ्यात आधी बिल विचारलं. घाट रोडच्या दादांचं लिहिणं फेब्रुवारीत वाचायला हवं होतं. ते पैसे गेले असंच मी धरून चालले आहे, पण बहिणींनो, चिठ्ठी घेऊन घरी येऊ नका, गाडीचा नंबर, तारीख आणि पार्टचं नाव लिहून मागा. मागताना संकोच वाटतो, मलाही वाटायचा.

सोळा दिवस झाले. बर्डीच्या गर्दीत, काल तर रहाटे कॉलनीच्या जाममध्ये वीस मिनिटं एसी लावून अडकले होते. काटा अर्ध्याच्या खाली.

काका, टायमिंग बेल्टचं चाचांनाही विचारलं. ते म्हणाले ५८ हजार चालला आहे, शाळा सुरू होण्याआधी बदलून घे, आणि त्याच वेळी वॉटर पंपही पाहून टाकू, कारण तो त्याच बाजूला बसतो, दोनदा उघडायची मजुरी लागणार नाही. हे बरोबर ना?

हिंगणा वर्कशॉप

शंभर टक्के बरोबर ताई. बेल्टबरोबर तो ताणून धरणाऱ्या टेन्शनरची बेअरिंगही बदलायला सांगा, आवाज येत नसला तरी. आणि त्या माणसाला सोडू नका.

बेसा पॉवर हाउस

ताई, चाचांचा नंबर मिळेल का? माझ्या आल्टोचा क्लच घसरतो आहे, दोन ठिकाणी दोन वेगळी कारणं सांगितली.

कळमेश्वर अप-डाउन

नंबर इथं टाकायचं त्यांना विचारलं नाही, म्हणून टाकत नाही. मोठ्या ताजबागच्या अलीकडे पंक्चरवाल्याला "बोर्ड नसलेले चाचा" विचारा, तो दाखवतो. शुक्रवारी बंद असतं. सकाळी दहाच्या आत गेलात तर गाडी त्याच दिवशी मिळते, नंतर गेलात तर व्हॅनवाल्यांची रांग लागलेली असते. क्लचचं सांगताना गाडी कधी घसरते, चढावर की गिअर बदलताना, हे आधी पाहून जा. ते हेच पहिलं विचारतील.